शिकाऱ्याचा कर आणि कायद्यातले कुलूप

‘अमेरिकेतील वन्यजीव शिकाऱ्यांच्या पैशावर वाचले.’ हे वाक्य आपल्याकडे चारचौघांत उच्चारून पाहावे. अर्धे लोक हसतील. त्यांच्या डोळ्यांसमोर मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेले संस्थानिक आणि त्यांच्या शेजारचा गोरा साहेब येईल. उरलेल्यांपैकी दोघेतिघे तावातावाने सांगतील की होय, हे शंभर टक्के खरे आहे, आकडे पाहा, अब्जावधी डॉलर आहेत. माझे म्हणणे असे की हसणाऱ्यांनी तो कायदा वाचलेला नाही आणि तावातावाने बोलणाऱ्यांनीही वाचलेला नाही.

त्या कायद्याचे नाव पिटमन-रॉबर्टसन कायदा. २ सप्टेंबर १९३७ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यावर स्वाक्षरी केली. आजचा धागा त्याच्याविषयी आहे. धागा लांब आहे, कारण या विषयावरील दोन्ही बाजूंच्या घोषणा फार आखूड आहेत.

आधी पार्श्वभूमी, थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत कोट्यवधी बायसन चरत होते. १८८० चे दशक संपता संपता मोकळ्या रानात हजाराच्या आतच उरले. पॅसेंजर पिजन नावाचे कबुतर एके काळी इतके होते की त्यांचे थवे उडाले की दिवसा सावली पडे. त्या जातीची शेवटची मादी, मार्था, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. पांढऱ्या शेपटीची हरणे साऱ्या देशात मिळून पाचएक लाख राहिली होती. जंगली टर्की अनेक राज्यांतून साफ नाहीसा झाला होता.

हा संहार कोणी केला? बंदुकीनेच केला, यात वाद नाही. पण बंदूकधाऱ्यांतही दोन वर्ग होते. एक वर्ग बाजारासाठी मारणाऱ्यांचा. रेल्वे आली, बर्फाचे डबे आले, आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात मारलेली बदके शिकागो व न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांत पोहोचू लागली. दुसरा वर्ग छंदासाठी शिकार करणाऱ्यांचा. या दुसऱ्या वर्गाने पहिल्याविरुद्ध मोहीम उघडली. त्यात भूतदया फारशी नव्हती. आपल्या वाट्याचे सावज कसाई नेतो आहे, हा राग होता. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेले प्राणी-पक्षी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकण्यावर बंदी आली, आणि १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्याने बदकांचा बाजार जवळजवळ मिटवला.

हेतू स्वार्थी होता म्हणून परिणाम खोटा ठरत नाही. हे इतिहासाच्या अभ्यासकाने पहिल्याच दिवशी शिकावे.

मात्र बंदी घातल्याने सावज मरायचे थांबते, वाढत नाही. वाढण्यासाठी पाणी लागते, झाडोरा लागतो, जमीन लागते, आणि जमिनीला पैसे लागतात. १९३० च्या दशकात अमेरिकेकडे यांतले काहीच नव्हते. महामंदी होती. मध्यवर्ती मैदानांत वर्षानुवर्षे पाऊस नव्हता, शेतजमिनीची धूळ होऊन उडत होती. दलदली उपसून शेते करण्याचा सपाटा त्याआधीच चालला होता, उरल्यासुरल्या डबक्यांचा दुष्काळाने घास घेतला. बदके उतरणार कोठे?

येथे एक गमतीदार मनुष्य रंगमंचावर येतो. जे नॉरवुड डार्लिंग हा आयोवा राज्यातील वृत्तपत्रीय व्यंगचित्रकार. चित्राखाली ‘डिंग’ अशी सही करी, म्हणून सारे जग त्याला डिंग डार्लिंग म्हणे. १९२४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. तो रिपब्लिकन पक्षाचा होता आणि रूझवेल्टच्या धोरणांची रेवडी उडवणे हा त्याचा रोजचा उद्योग. रूझवेल्टने १९३४ मध्ये याच माणसाला वन्यजीवांचे काम पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचा प्रमुख नेमले. टीकाकाराला खुर्चीत बसवून गप्प करण्याची युक्ती जुनीच आहे, पण डार्लिंग गप्प बसणाऱ्यांतला नव्हता.

त्याच वर्षी मार्चमध्ये बदक-तिकिटाचा कायदा झाला. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या ज्याला बदक मारायचे असेल त्याने टपाल कचेरीतून एक डॉलरचे तिकीट घ्यावे, परवान्यावर चिकटवावे आणि त्यावर सही करावी. पहिल्या तिकिटावरील पाण्यावर उतरणाऱ्या बदकांच्या जोडीचे चित्र स्वतः डार्लिंगने काढले. पहिल्या वर्षी सहा लाखांहून अधिक तिकिटे खपली. आज तिकीट पंचवीस डॉलरचे आहे आणि प्रत्येक डॉलरमधील अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जमिनी विकत घेण्यासाठी वा भाडेपट्ट्याने राखण्यासाठी जातात. आजवर सुमारे साठ लाख एकर जमीन या मार्गाने राखली गेली आहे.

तिकिटाने पाणपक्ष्यांची सोय झाली. हरीण, टर्की, अस्वल, मैदानी हरणे यांचे काय? ते प्राणी राज्यांच्या अखत्यारीत, आणि राज्यांची वन्यजीव खाती कंगाल. शिकारीच्या परवान्यांचे शुल्क राज्ये घेत होती, पण ते पैसे एकदा सरकारी तिजोरीत शिरले की कोणत्या दाराने बाहेर पडतील याचा नेम नसे. रस्ता अडला, पूल अडला, कोणाची निवडणूक जवळ आली की वन्यजीवांचा पैसा तिकडे वळे.

१९३२ च्या महसूल कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर केंद्रीय उत्पादनशुल्क बसवले होते. ते इतर अनेक करांसारखेच सामान्य तिजोरीत जाई. कार्ल शूमेकर नावाच्या गृहस्थाने विचार केला की हा कर आधीच आहे, लोक तो भरत आहेत, मग तो वन्यजीवांसाठीच का राखू नये? शूमेकर ओरेगन राज्याच्या मासे-शिकार खात्यात काम केलेला आणि पुढे सेनेटच्या वन्यजीवविषयक समितीशी जोडलेला. नवा कर बसवण्यापेक्षा जुन्या कराची दिशा बदलणे सोपे, हे त्याने ओळखले. त्याने मसुदा लिहिला. सेनेटमध्ये नेव्हाडाचे की पिटमन तो मांडण्यास तयार झाले. प्रतिनिधिगृहासाठी तो व्हर्जिनियाच्या अब्सॉलम विलिस रॉबर्टसनकडे गेला.

हा रॉबर्टसन पूर्वी व्हर्जिनियाच्या शिकार आणि मत्स्य आयोगाचा अध्यक्ष होता. परवान्याचे पैसे कसे पळवले जातात हे त्याने आतून पाहिलेले. त्याने मसुदा वाचला आणि एका वाक्याच्या शेपटाएवढी भर घातली. तिचा आशय असा: ज्या राज्याने शिकाऱ्यांकडून घेतलेले परवाना शुल्क आपल्या वन्यजीव खात्याच्या कारभाराखेरीज दुसरीकडे वळवण्यास कायद्याने मनाई केली असेल, त्याच राज्याला या निधीतून पैसे मिळतील.

माझ्या मते सारा कायदा या शेपटात आहे.

ते कसे, पाहा. केंद्राच्या हाती राज्यांच्या परवाना शुल्काला हात लावण्याचा अधिकार नव्हता. म्हणून रॉबर्टसनने आमिष आणि कुलूप एकत्र बांधले. केंद्राचे पैसे हवे असतील तर आधी आपल्या तिजोरीला स्वतःच्या हाताने कुलूप लावा. पुढे कोणी आमदार ते कुलूप काढू पाहील, तर राज्य केंद्राच्या मदतीस अपात्र ठरेल. बहुतेक राज्यांनी वर्षभरात असे कायदे केले. आजही एखाद्या राज्यात परवान्याचे पैसे वळवण्याची हालचाल सुरू झाली की खात्याचे अधिकारी हाच कागद पुढे करतात: दहा लाख वळवाल आणि कोटी गमवाल.

(एक कंसातील गोष्ट. हाच रॉबर्टसन पुढे सेनेटर झाला आणि १९५६ साली शाळांतील वर्णभेद संपवण्यास विरोध करणाऱ्या दक्षिणी जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. हरणांसाठी कुलूप घडवणारा मनुष्य काळ्या मुलांसाठी शाळेचे दार उघडायला तयार नव्हता. इतिहासातील माणसे अशी सलग असत नाहीत.)

वाटपाची पद्धतही पाहण्यासारखी आहे. राज्याने आधी खर्च करायचा, मग प्रत्येक डॉलरमागे पंचाहत्तर सेंटपर्यंत केंद्राने परत द्यायचे. उरलेला चौथा हिस्सा राज्याचा, आणि तो बहुधा परवाना शुल्कातूनच येतो. कोणत्या राज्याला किती, हे अर्धे क्षेत्रफळावर आणि अर्धे परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर ठरते. कर बनवणारा वा आयात करणारा भरतो, दुकानातील गिऱ्हाइकाला तो वेगळा दिसतही नाही. आज लांब नळीच्या बंदुका व काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १० टक्के असा दर आहे. पिस्तुले १९७० च्या दुरुस्तीने आणि धनुष्यबाण १९७२ च्या दुरुस्तीने यात आले.

आता ‘शिकाऱ्यांनी स्वेच्छेने स्वतःवर कर लावून घेतला’ या लाडक्या दंतकथेविषयी. शिकारी संघटनांनी आणि काडतुसांच्या काही कारखानदारांनी या कायद्याला पाठिंबा दिला, हे खरे आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यावेच. पण कर आधीपासून होता. शिवाय विधेयक प्रतिनिधिगृहात इलिनॉयच्या स्कॉट ल्यूकस यांच्याकडे अडकले, तेव्हा शूमेकरने कोणाला हाक मारली? इलिनॉयमधील महिला मंडळांना आणि बागप्रेमींच्या मंडळांना. त्या बायकांनी आपल्या प्रतिनिधीवर पत्रांचा असा मारा केला की विधेयक हलले. त्यांतल्या किती जणींनी जन्मात बंदूक उचलली असेल? शिकाऱ्यांच्या गौरवग्रंथांत या प्रसंगाला फार तर एक ओळ मिळते.

पैसे आले, त्यांचे झाले काय? पहिला प्रकल्प युटा राज्यात ऑग्डेन बे येथे, पाणथळ जमिनीचा. पण मला सर्वांत बोलकी वाटते ती टर्कीची कथा. आरंभी राज्यांनी सोपा मार्ग धरला. खुराड्यात टर्की वाढवायचे आणि रानात सोडायचे. वर्षानुवर्षे हजारो पक्षी सोडले गेले आणि वर्षानुवर्षे ते मेले. माणसाच्या हातून दाणे खाल्लेल्या पक्ष्याला कोल्ह्याची भीती ठाऊक नसते, झाडावर रात्र काढणे ठाऊक नसते. टर्कीच्या आईकडून शिकायच्या गोष्टी खुराड्यात शिकता येत नाहीत, एवढे कळायला खात्यांना दोन दशके लागली.

मग उरल्यासुरल्या रानटी थव्यांतून पक्षी पकडून नव्या रानात न्यायचे ठरले. रानटी टर्की पकडणे म्हणजे चेष्टा नव्हे. त्याची नजर घारीची आणि स्वभाव संशयी. १९५० च्या दशकात यासाठी एक युक्ती वापरात आली. जमिनीवर दाणे पसरायचे, बाजूला घडी घालून जाळे दडवायचे, आणि थवा दाण्यांवर आला की छोट्या तोफांच्या बाराने ते जाळे त्याच्यावर फेकायचे. पकडलेले पक्षी खोक्यांत घालून दुसऱ्या राज्यात पाठवायचे. राज्याराज्यांत टर्कीची देवघेव सुरू झाली. आज अलास्का सोडून बाकी सर्व एकोणपन्नास राज्यांत जंगली टर्की आहे, संख्या साठ लाखांच्या घरात. हरणे तीन कोटींच्या आसपास, इतकी की आता मोटारींवर आदळतात आणि बागा खातात.

खुराडी ते जाळे हा प्रवास वीस वर्षांचा होता. वीस वर्षे अपयशावर खर्च करीत राहण्याची सवड कोणते सरकार आपल्या खात्याला देते? समर्पित करावर अर्थशास्त्रज्ञ नाक मुरडतात. त्यांचा आक्षेप वाजवी आहे: सर्व पैसा एका तिजोरीत यावा आणि लोकप्रतिनिधींनी गरजेनुसार वाटावा. परंतु अमेरिकेचे प्रतिनिधिगृह दर दोन वर्षांनी बदलते. ओकचे रान उभे राहायला चाळीस वर्षे लागतात. दोन वर्षांच्या मालकाकडून चाळीस वर्षांचे काम करवून घ्यायचे, तर पैसा त्याच्या हाताबाहेर ठेवावा लागतो.

आणि कुलपालाही पहारेकरी लागतो. १९९० च्या दशकाअखेरीस उघड झाले की खुद्द केंद्रीय खातेच कारभार-खर्चाच्या नावाखाली या निधीतील पैसे भलत्याच कामांवर उडवीत होते. संसदेने चौकशी केली आणि २००० साली नवा कायदा करून त्या खर्चाच्या मुसक्या बांधल्या.

आपल्याकडचे उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. प्रकल्पांसाठी जंगल तोडणाऱ्यांकडून घेतलेला भरपाई वनीकरणाचा पैसा सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे साचत राहिला. २०१६ साली त्यासाठी कायदा झाला, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ४७,४३६ कोटी रुपये राज्यांकडे वर्ग झाले. तोपर्यंत झाडे तोडली गेली होती, पैसा मात्र बँकेत सुखरूप होता. आपल्याकडे कुलूप होते. दार उघडून रानापर्यंत जाणारी वाट नव्हती. यावरून कोणी असे समजू नये की भारतात शिकार सुरू करा म्हणजे वाघ वाढतील. अमेरिकेत रानातला प्राणी हा राज्यातील जनतेच्या वतीने सरकारने सांभाळायचा, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८९६ सालीच म्हटले होते, आणि परवाना मागणारा मनुष्य सामान्य शेतकरी-कामगार होता. आपल्याकडे शिकार हा राजाचा आणि साहेबाचा मान होता. १९७२ चा कायदा त्या इतिहासातून आला आहे.

आता हिशेबाची दुसरी बाजू. आपल्या तावातावाने बोलणाऱ्या मित्रांनी येथे जरा कान द्यावेत.

हा कर शिकारी भरतो, असे म्हणणे दिवसेंदिवस खोटे होत चालले आहे. कर बंदुकीवर आहे, शिकारीवर नाही. २०२३ साली प्यू संस्थेने बंदूक बाळगणाऱ्या अमेरिकनांना कारण विचारले. मुख्य कारण संरक्षण, असे ७२ टक्के म्हणाले. शिकार हे मुख्य कारण सांगणारे ३२ टक्के. अलीकडे या कराचे वर्षाचे उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या वर गेले आहे, ते पिस्तुले आणि लष्करी थाटाच्या बंदुका घेणाऱ्यांमुळे. त्यातील अनेकांनी हरीण पाहिले असेल तर ते मोटारीच्या काचेतून.

याचा अर्थ फार अस्वस्थ करणारा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील न्यूटाउन गावी एका प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ गोळ्यांना बळी पडले. बंदुकांवर निर्बंध येतील या धास्तीने लोक दुकानांकडे धावले. विक्री वाढली, कर वाढला, पुढील वाटपात राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा वाटा फुगला. २०२० च्या महासाथीत पुन्हा तेच झाले. कोणत्या तरी पाणथळीत उतरणाऱ्या बगळ्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, आणि तरी त्याच्या पाण्याचा पैसा तेथून आला आहे. ‘शिकाऱ्यांनी जंगल वाचवले’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्यही त्याच अभिमानाने उच्चारून दाखवावे.

शिकारी तर घटत आहेत. १९८० च्या सुमारास सुमारे पावणेदोन कोटी अमेरिकन शिकार करीत. २०१६ च्या केंद्रीय पाहणीत ते १ कोटी १५ लाख भरले. त्याच पाहणीत पक्षी आणि प्राणी नुसते पाहणारे, खाऊ घालणारे, छायाचित्रे काढणारे ८ कोटी ६० लाख होते. यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला: या निधीतून नवे शिकारी आणि नेमबाज घडवण्याच्या प्रचारावरही खर्च करता येईल. प्राणी वाचवण्याचा पैसा, प्राणी मारणारे वाढवण्यासाठी, म्हणजे प्राणी वाचवण्याचा पैसा येत राहील. तर्क चोख आहे. तो ऐकून डोके गरगरले तर दोष आपला नाही.

शिवाय पैसा जिकडून येतो तिकडे खात्याची मान वळते. राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी हरीण, टर्की, बदक यांचे कोडकौतुक केले, आणि लांडगा, कायोटी, पहाडी सिंह यांना दीर्घकाळ सावजाचे चोर ठरवून मारले. अल्डो लिओपोल्डसारखा स्वतः शिकारी असलेला वनशास्त्रज्ञ तरुणपणी लांडगे टिपत होता आणि उत्तरायुष्यात त्यानेच लांडग्यांची बाजू घेतली. खात्यांना तो बदल पचवायला आणखी कित्येक दशके लागली. बेडूक, गोगलगाय, माळावरचा लहानसा पक्षी, मधमाशी यांच्यासाठी परवाना कोण काढणार? राज्यांच्याच याद्यांप्रमाणे आज बारा हजारांहून अधिक जाती चिंताजनक स्थितीत आहेत आणि त्यांतील बहुसंख्य कोणाचेही सावज नाहीत.

एवढे वाचून हसणारा गट खूश झाला असेल. त्यांनी इतक्यात टाळ्या वाजवू नयेत, कारण यापुढील भाग त्यांचा आहे.

१९९० च्या दशकात राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी एक प्रस्ताव मांडला. बंदुकीवर कर आहे, मासेमारीच्या गळावर कर आहे. तर पाठपिशव्या, तंबू, दुर्बिणी, पक्ष्यांचे दाणे, पक्षीनिरीक्षणाची पुस्तके यांवरही अल्पसा कर लावावा आणि शिकारीबाहेरच्या प्राण्यांसाठी तो राखावा. निसर्गप्रेमींनी निसर्गासाठी चार पैसे द्यावेत, इतकीच मागणी. ज्या उद्योगाच्या जाहिरातींत डोंगर, नद्या आणि सूर्योदय यांखेरीज काही नसते, त्या साहित्य-उद्योगाने तिला कडाडून विरोध केला. प्रस्ताव बारगळला. दुर्बिणीवर आजही असा कर नाही.

बंदुकीच्या बाजूने तरी सगळे आलबेल आहे का? जून २०२२ मध्ये जॉर्जियाचे प्रतिनिधी अँड्र्यू क्लाइड यांनी हा करच रद्द करण्याचे विधेयक आणले. म्हणणे असे की बंदूक हा घटनेने दिलेला हक्क आहे आणि हक्कावर कर कसला. क्लाइड यांचे स्वतःचे बंदुकांचे दुकान आहे. पाठिंब्याला पक्षातील डझनावारी सदस्य उभे राहिले, शिकारी संघटनांनी आरडाओरड केल्यावर काहींनी सह्या मागे घेतल्या आणि विधेयक पडून राहिले. म्हणजे ज्या कराच्या नावाने बंदूकवाले छाती फुगवतात, तो त्यांच्यातील कित्येकांना नकोसा आहे. त्याला वाचवायला उभे राहिले ते शिकारीच, आणि या एका गोष्टीसाठी त्यांचा मान ठेवला पाहिजे.

त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने दुसरे एक विधेयक संमत केले होते. राज्यांना वर्षाला सव्वा अब्ज डॉलरहून अधिक रक्कम द्यावी आणि ती मुख्यतः त्या बारा हजार जातींवर खर्च व्हावी, असे ते विधेयक. दोन्ही पक्षांचे समर्थक होते. सेनेटमध्ये प्रश्न आला की पैसा कोठून आणायचा. उत्तर सापडले नाही, विधेयक संपले. १९३७ साली शूमेकरपुढे हाच प्रश्न होता, आणि त्याच्याकडे उत्तर म्हणून एक तयार कर होता.

उत्तर अशक्य आहे असेही नाही. मिसुरी राज्याच्या मतदारांनी १९७६ साली राज्यघटनेत दुरुस्ती केली: प्रत्येक विक्रीवर एक टक्क्याचा आठवा हिस्सा वन्यजीव खात्याला. आठ डॉलरचा माल घेतला की एक सेंट. शिकारी देतो, पक्षीनिरीक्षक देतो, जन्मात रानाकडे न फिरकलेली सेंट लुईसची आजी साबण घेताना देते. पैसा घटनेने बांधलेला असल्याने विधिमंडळाला तो उचलता येत नाही. टेक्सासने १९९३ मध्ये क्रीडासाहित्यावरील विक्रीकर उद्यानांसाठी म्हणून ठरवला, पण तो घटनेत बांधला नाही. मग पंचवीस वर्षे विधिमंडळ त्यातील मोठा भाग दुसरीकडे वापरत राहिले आणि उद्यानांतील इमारती गळत राहिल्या. अखेर २०१९ साली टेक्सासच्या मतदारांनी ८८ टक्के मतांनी तो पैसा घटनेतच बांधून टाकला. दोन्ही राज्यांतील मतदार सारखेच, हरणे सारखीच. फरक कुलपाचा होता.

म्हणून पुढच्या वेळी कोणी शिकाऱ्यांच्या औदार्याचे पोवाडे गाऊ लागला, तर त्याला रॉबर्टसनच्या त्या शेपटाविषयी विचारा. आणि कोणी शिकाऱ्यांच्या नावाने नाक मुरडू लागला, तर त्याला विचारा की तुझ्या दुर्बिणीवर किती कर आहे.

डार्लिंगचे बदक-तिकीट अजून निघते. दरवर्षी नवे चित्र, स्पर्धेतून निवडलेले. ते विकत घ्यायला बंदूक लागत नाही, परवाना लागत नाही. टपाल कचेरीत कोणीही पंचवीस डॉलर देऊन घेऊ शकतो आणि त्यातले साडेचोवीस डॉलर पाणथळीला जातात. पक्षीनिरीक्षकांच्या काही संघटना आपल्या सभासदांना ते घेण्याचा आग्रहही करतात. वर्षाला साधारण पंधरा लाख तिकिटे खपतात. घेणाऱ्यांतील बहुतेक जण आजही बदके मारणारेच आहेत.